भिंतीतलं पिंप

१२ जानेवारी

ताई,

उत्तरेकडच्या भिंतीत लाकूड निघालंय.

हे आधीच लिहून टाकते. पुढचं न वाचता तू पत्र फाडलंस तरी एवढं तुला कळलेलं असावं. पत्ता तुझ्या लेकीने दिला. तिच्यावर ओरडू नकोस, मी तिच्या खनपटीलाच बसले होते. फोन केला असता तर माझा आवाज ऐकताच तू ठेवून दिला असतास, मागे ठेवलास तसा.

मी मठात काम करतेय. हो, आपल्या गल्लीच्या टोकाच्या त्याच मठात. तू घर सोडलंस तेव्हा मी शाळेत होते, म्हणून तुला माहीत नसेल. मी जुन्या इमारतींच्या चुन्याचं काम करते. जुना गिलावा खरवडायचा, खालचा दगड तपासायचा, नवा चुना चढवायचा. हाताखाली चार बायका आहेत, चौघी माझ्याहून तोंडाळ. आता मठाचं हॉटेल होतंय आणि भिंतींचं काम मला मिळालंय.

भिंत खरवडायला लागलं की मठाचा सगळा जन्म उलटा हाताखालून जातो. सगळ्यात वर फर्निचरवाल्याचा गुलाबी रंग. त्याने मठाचं गोदाम केलं होतं, चर्चमध्ये सोफे रचले होते आणि वेदीच्या जागी गाद्यांची चळत. गुलाबीखाली इस्पितळाचा हिरवा तेलरंग, खांद्याच्या उंचीपर्यंत. त्याखाली लष्कराचा काळपट थर. लष्कराने चर्चचा तबेला केला होता, खांबांना घोडे बांधायच्या कड्या अजून तशाच आहेत. आणि तळाला नन बायकांचा पांढरा चुना, वर्षावर वर्ष चढवलेला. आधी देवाचं घर, मग घोड्यांचं, मग खोकणाऱ्यांचं, मग सोफासेटचं. आता पाहुण्यांचं म्हणे.

मला हे काम मिळालं तेव्हा बाबांना आनंद व्हायला हवा होता. पूर्ण नोकरी त्यांनी तिथे काढली, इस्पितळाचे सुतार म्हणून. पण ते ताटावरून उठले आणि म्हणाले, ‘उत्तरेची बाजू सोडून दे. तिथे ओल आहे, काही टिकायचं नाही.’ मी म्हटलं, बाबा, ओल काढायचेच मला पैसे मिळतात. तर हात धुवायला गेले.

आज आम्ही उत्तरेच्या फाटकाजवळची ती अंधारी खोली घेतली. हिरव्या रंगाखाली काळपट थर आणि चुना लागायला हवा होता, तिथे सिमेंट लागलं. दाराएवढा तुकडा, फक्त तेवढाच. छिन्नी मारली तर आवाज पोकळ. मी जोरात मारली आणि सिमेंटचा पोपडा जाळीसकट खाली आला. मागे फळ्या. एक फळी कुजली होती, तिच्या फटीतून मी हात घातला.

आत लाकूड आहे, ताई. सपाट नाही, गोल आहे. मोठ्या पिंपाच्या पोटासारखं.

माझ्या बायका म्हणाल्या, पाण्याचं जुनं पिंप असेल. मी हात काढला आणि खाली बसले. मला काय आठवलं ते तुला सांगायला नको.

‘तुला भिंतीतून आणलंय. भिंत फिरली आणि तू आलीस.’ किती चिडवायचीस मला! मी रडले की आणखी चिडवायचीस. बाकीच्या मुलींच्या ताया त्यांना कचऱ्यातून उचलून आणल्याचं सांगायच्या, माझी मात्र भिंत. मला वाटायचं, एवढंच आपलं वेगळेपण.

आणि ते दुसरं, जे तू चिडवताना सांगायची नाहीस. ‘आई त्या भिंतीमागे आहे.’ फाटकासमोरचा इस्त्रीवाला अजून जिवंत आहे. परवाच मला म्हणाला, ‘तुझी ती भिंतवाली बहीण कुठं असते गं?’ आणि हसला.

तू खरं बोलत होतीस का?

तुझी चिमी


१३ जानेवारी

ताई,

कालचं पत्र अजून तुझ्या गावात पोचलंही नसेल. पण मला राहवत नाही.

सकाळी नकाशेवाली बाई आली. आमची वास्तुतज्ज्ञ गं, सगळे तिला नकाशेवालीच म्हणतात. वयाने माझ्याहून लहान, पण जुन्या घरांमधलं तिला सगळं कळतं. फटीतून बॅटरी मारली आणि अशी ओरडली की मला वाटलं विंचू चावला.

तिने मला जे सांगितलं ते तुला तुझ्या डोळ्यांनी माहीत आहे, तरी लिहिते. नन बायका एकदा मठात आल्या की बाहेरच्या कुणाला तोंड दाखवायच्या नाहीत. मग दूध, पीठ, औषधं आत जायची कशी? म्हणून भिंतीत उभं पिंप बसवायचं. त्याला एकाच बाजूला तोंड, खाली लोखंडी खुंट. बाहेरच्याने वस्तू ठेवायची, पिंपावर थाप मारायची, आतलीने पिंप फिरवायचं. वस्तू आत जाते, कुणाला कुणाचा चेहरा दिसत नाही. ‘आणि लोक यात नको असलेली बाळंही ठेवून जायचे,’ ती म्हणाली. असं म्हणाली जशी काही मजा सांगतेय. तिचा काय दोष म्हणा.

मी विचारलं, इस्पितळाच्या काळात हे चालू असेल का? ती म्हणाली, ‘का नसेल? क्षयाचं इस्पितळ होतं. आतला संसर्ग बाहेर येऊ नये म्हणून त्यांना तर ते आयतंच मिळालं असेल.’

एवढ्यावर मी थांबले असते. म्हटलं असतं, पिंप होतं, लहान पोरीने बघितलं असेल, बाकीचं मनाने रचलं असेल. पण नकाशेवालीने फळ्यांवर उजेड टाकला आणि मला खिळे दिसले.

आपल्या घरातलं कुठलंही स्टूल उलटं करून आठव. दोन-दोन खिळे जोडीने, एकमेकांकडे कललेले, डोकी आत ठोकलेली आणि वर मेण आणि भुशाचं लिंपण. बाबा म्हणायचे, असे ठोकले की एक सुटला तरी दुसरा धरून ठेवतो. अख्ख्या गावात एवढं कुणी करत नाही. माझ्या पाळण्याला असेच खिळे होते, तुझ्या पेटीला होते.

त्या फळ्यांना तेच खिळे आहेत.

मी सगळ्यांना बाहेर काढलं, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन घरी आले. बाबा दारात बसले होते. ‘आज लवकर?’ म्हणाले. मी त्यांना चहा करून दिला, ताई. मला स्वतःचंच नवल वाटतंय.

चिमी


१५ जानेवारी

ताई,

विचारलं. शेवटी आज दुपारी विचारलं.

आधी म्हणाले, ‘असेल कुठलं तरी जुनं पिंप.’ मी म्हटलं, खिळे तुमचे आहेत. म्हणाले, ‘मी तिथला सुतार होतो, सगळे खिळे माझेच.’ मी म्हटलं, बाबा, चेष्टा करू नका, आई कधी गेली?

तू तर जाणतेस, आपल्या घरात हा प्रश्नच नव्हता. आई माझ्या जन्माच्या दिवशी गेली. म्हणून माझा वाढदिवस कधी झाला नाही. त्या दिवशी बाबा कामावर जायचे नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि मी घरात पाय न वाजवता फिरायचे. जगात येताच आईला खाऊन बसलेली मुलगी मी. कुणी तोंडावर म्हणालं नाही, पण मी काय आंधळी होते?

बाबांनी चष्मा काढून ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘तू चार वर्षांची होतीस तेव्हा गेली.’

ताई, चार वर्षांची.

चार वर्षं! आपल्या दारातून दिसतो त्या मठात चार वर्षं माझी आई जिवंत होती, आणि मी इथे गल्लीत गोट्या खेळत होते! मी ओरडले, बाबांवर कधी ओरडले नव्हते तेवढी ओरडले. शेजारीण डोकावून गेली. बाबा म्हणाले, ‘दार लाव.’ मी म्हटलं, नाही लावणार. ऐकू दे सगळ्यांना.

मग सांगितलं त्यांनी. तुकड्यातुकड्यांनी, मध्येच पाणी मागत. मी पोटात असताना आईला क्षय निघाला आणि तिला आत घेतलं. क्षय म्हटलं की तेव्हा घरमालक घर सोडायला लावायचा आणि शाळा मुलींना घरी पाठवायची. म्हणून गल्लीत सांगितलं की ती बाळंतपणाला गेलीय. मी झाले, आणि मला तिच्याजवळ ठेवायचं नव्हतं. बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर यायला एकच वाट होती.

‘नर्सने तुला पिंपात ठेवलं,’ बाबा म्हणाले. ‘आतून थाप आली. माझे हात इतके कापत होते की मला फिरवता येईना. थोरलीने फिरवलं.’

म्हणजे तू मला भिंतीतूनच आणलंस. चेष्टा नव्हतीच ती. सात वर्षांची तू, पिंप फिरवतेस आणि आत मी. आणि आयुष्यभर मी तुला म्हणत आले, ताई, तेच तेच काय गं चिडवतेस!

बाळ घरी आलं, आई आली नाही. लोक विचारायला लागले. बाबांनी सांगून टाकलं की गेली. मी म्हटलं, आणि ती बरी होऊन परत आली असती तर काय सांगणार होतात? म्हणाले, ‘तेव्हाचं तेव्हा बघू म्हटलं.’ असा माणूस! मला हसू यायला लागलं आणि थांबेना.

पुढचं तू जगलीस. तुला माहीत होतं ती मेलेली नाही, कारण मी आले त्या दिवशी पिंपामागून तिने तुला हाक मारली होती. बाबांनी तुला गप्प राहायची शपथ घातली. तू गप्प राहिलीस, पण शाळेतून येताना फाटकात शिरायचीस, पिंपावर थाप मारायचीस. आई पलीकडे, आतल्या बोळात येऊन बसायची. मी चालायला लागल्यावर तू मलाही न्यायला लागलीस. बाबा म्हणाले, तू मला पिंपात बसवून फिरवायचीस आणि आई मला दोन्ही हातांनी चाचपून परत फिरवायची.

मला आठवत नाही. मला यातलं काहीच आठवत नाही गं. डोकं भिंतीवर आपटून घ्यावंसं वाटतं. आईने हात लावलेली मुलगी आहे मी आणि मला तो हात आठवत नाही.

मग हेडनर्सने पकडलं, बाबांना बोलावलं, म्हणाली पोरी मरतील, आत्ताच्या आत्ता बंद करा. बाबांनी फळ्या ठोकल्या, वर सिमेंट मारून घेतलं, हिरवा रंग दिला. आणि तू ऐकेनास, गल्लीभर सांगत सुटलीस, तेव्हा तुला हाताला धरून त्या खोलीत नेलं. इस्त्रीवाला, त्याची बायको, सगळे मागून आले. बाबा म्हणाले, ‘हात लाव. कुठाय पिंप? कुठाय आई?’ तू नखांनी रंग खरवडलास आणि बोटांतून रक्त आलं, आणि तेव्हापासून तू भिंतवाली झालीस.

हे बाबांनी स्वतः सांगितलं. मी विचारलं नव्हतं. सांगितलं आणि पांघरूण ओढून निजले.

मी आज त्यांना जेवायला वाढलं नाही. शेजारणीने वाढलं.

चिमी


२२ जानेवारी

ताई,

तुझं काहीच आलं नाही. बरं.

रागावली असशील. रागाव. पण मी पण रागावलेय, आणि ते तुलाही ऐकावं लागेल. तू मोठी होतीस. तू एकोणीस वर्षांची होऊन घरातून गेलीस तेव्हा मी बारा वर्षांची होते, मला एकदा खांद्याला धरून नीट सांगायचं होतंस. ‘चिमे, मी चेष्टा करत नाहीय.’ बस, एवढंच. चिडवण्याच्या सुरात सांगितलेलं मी खरं मानायचं कसं? की तुलाही तोवर खात्री राहिली नव्हती? कधीकधी वाटतं, ती साधी भिंत सारखी हाताला लागून लागून तुलाही वाटायला लागलं असेल की आपलंच डोकं ठिकाणावर नाही. हा विचार आला की माझा राग जातो आणि बाबांचा गळा धरावासा वाटतो.

आता कामाचं. हॉटेलच्या मालकाला तिथून लिफ्ट न्यायची आहे. महिनाअखेर ती भिंत कापणार. नकाशेवाली भांडतेय, म्हणते हे पिंप सोन्याच्या मोलाचं आहे. मालक म्हणतो, पाहुण्यांचे गुडघे त्याहून मोलाचे. कोण जिंकेल सांगता येत नाही. मी किल्ली दिलेली नाही. उद्या मला कामावरून काढलं तरी खोलीची किल्ली माझ्या गळ्यात आहे.

मला एकच हवंय. भिंत कापली जायच्या आत तू यावंस, आणि बाबांनी तुझ्यासमोर म्हणावं की तू खरं बोलत होतीस. माझ्याकडून ऐकून काय होणार? ज्याने तुला खोटं पाडलं त्याच्याच तोंडून यायला हवं. बाबांचं वय बघता फार वाट पाहण्यात अर्थ नाही. परवा पायरी चढताना दोनदा थांबले.

मी त्यांना विचारलं, थोरली आली तर म्हणाल? ते म्हणाले, ‘ती यायची नाही.’ मी म्हटलं, मी काय विचारतेय आणि तुम्ही काय सांगताय?

ये गं. एक दिवस ये.

चिमी


२८ जानेवारी

ताई,

तुझं कार्ड आलं. मी ते उलटसुलट करून बघितलं, म्हटलं मागे तरी काही असेल. ना ‘प्रिय’, ना ‘तुझी’. एकच ओळ.

‘पिंपाचं तोंड कुठल्या बाजूला ठेवून बंद केलंय ते बाबांना विचार.’

मला वाटलं, एवढे सगळे प्रश्न सोडून हिला हे काय सुचलं. तरी कार्ड बाबांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, आणि चेहरा असा उतरला की मी घाबरले. पिंप बंद केल्याचं सांगताना त्यांचा आवाज हलला नव्हता, ताई. या एका ओळीने हलला.

म्हणाले, ‘आतल्या बाजूला. नियमच होता. वापरून झालं की तोंड आत करून ठेवायचं. मी नियमाप्रमाणे ठेवलं आणि ठोकलं.’

बरं मग? मी म्हटलं.

‘रिकामं नाहीये ते.’

मी हलवलं, विनवलं, शेवटी दमदाटी केली. फक्त म्हणाले, ‘मला घेऊन चल. खिळे माझे आहेत, मीच काढीन. तू छिन्नी लावशील आणि लाकूड फाडशील.’

तुला काय माहीत होतं? आत काय आहे? माझा जीव टांगणीला लागलाय. उद्या नेतेय त्यांना.

चिमी


२९ जानेवारी

ताई,

आता सावकाश लिहिते.

सकाळी बाबांना नेलं. एका हातात माझा खांदा, दुसऱ्या हातात त्यांची जुनी खिळेकाढणी. फाटकात इस्त्रीवाला होता. ‘काय, सुतारबाबा, आज कामावर?’ म्हणाला आणि काठी टेकत मागून आला. नकाशेवाली होती, माझ्या चौघी होत्या.

बाबांनी एकेक जोडी काढली. खिळा वाकू न देता, जसा घातला तसा. फळ्या उतरल्या आणि पिंप दिसलं. काळं, उंच, माझ्या खांद्याएवढं, बाजूला हाताची पकड झिजून झालेला खळगा. तो खळगा नन बायकांचा असेल, इस्पितळाच्या गड्यांचा असेल. त्याच्या बराच खाली एक छोटा गुळगुळीत डाग आहे, लहान मुलीच्या हाताच्या उंचीवर. मी तुझा हात धरावा तसा त्याला हात लावला.

मग पिंप फिरवलं. आधी हलेना. चौघी माझ्यामागून रेटायला लागल्या, खुंट किंचाळला, आणि पिंपाचं तोंड हळूहळू आमच्याकडे आलं.

ते भरलेलं होतं, ताई. तळापासून वरपर्यंत.

लोकरीचं. करडी लोकर, मध्ये लाल पट्टी. बाबा म्हणाले, ‘इस्पितळाच्या कांबळ्याची. उसवून विणायची ती.’ नकाशेवालीने हातमोजे घातले आणि वरून एकेक काढायला लागली. वरचं सगळ्यात मोठं. दोन स्वेटर, एक मोठा, एक लहान, एकाच लोकरीचे. त्याखाली तसेच दोन, जरा तोकडे. त्याखाली पायमोजे, एक जोड मोठा, एक लहान. मग टोप्या. मग पुन्हा स्वेटर, आणखी तोकडे. कसर लागलेली आहे, काही हातात घेताच तुटले. पण चुन्याच्या कोरडेपणाने बरेच टिकलेत. खाली जावं तसे ते लहान होत गेले. तळाशी माझा, म्हणजे तीन वर्षांच्या मुलीचा, आणि तुझा.

माझ्या बायकांपैकी एक मोठ्याने रडायला लागली. मला रडूच येईना. मी बाबांकडे बघितलं.

मी विचारलं, आईला माहीत नव्हतं पिंप ठोकलंय? नव्हतं. आजाऱ्यांना त्या बोळात यायची बंदी झाली, एवढंच तिला सांगितलं. ती विणून आयाकडे द्यायची, आया पिंपात टाकायची. फिरतंय की नाही ते बघायचं तिचं काम नव्हतं. आणि भेटीच्या दिवशी बाबा चर्चच्या जाळीशी उभे राहायचे, आई पलीकडे. ती विचारायची, ‘मापाला बसला का?’

‘मी म्हणायचो, बसला,’ बाबा म्हणाले. ‘मग ती विचारायची, धाकटी केवढी झाली? मी हाताने दाखवायचो. ती जाळीतून बघून माप घ्यायची आणि परत विणायला बसायची.’

बाबा, तुम्हाला माहीत होतं! तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं की ते इथे पडलंय!

‘घरी आणू कसं? त्याच्यात आजार होता. आयाला जाळ म्हटलं असतं तर तिने जाळलं असतं. माझ्याच्याने तेवढंही झालं नाही.’

मग ते वळले. माझ्याकडे नाही, इस्त्रीवाल्याकडे. खिळेकाढणी अजून हातात होती. म्हणाले, ‘माझी थोरली खोटं बोलत नव्हती. पिंप होतं. तिची आई होती. मी तिला इथे उभी करून सगळ्यांसमोर वेडी ठरवलं. तू होतास ना तेव्हा? मग आता पण ऐक.’ इस्त्रीवाल्याने डोक्यावरची टोपी काढली.

ताई, तुला माहीत होतं का ती विणते ते? म्हणून विचारलंस ना? ठोकायच्या आधी कधीतरी तुला पिंपातून पहिला मोजा मिळाला असेल, आणि तू म्हणाली असशील, माझ्या चिमीला पण. मला सांग. मला खरंच काही आठवत नाही, माझ्या वाटचं तूच आठवून ठेवलं आहेस.

चिमी


२ फेब्रुवारी

ताई,

लिफ्ट दुसरीकडून जाणार. नकाशेवाली जिंकली, किंवा मालकाने तळाचा तो छोटा स्वेटर बघितला म्हणून असेल. पिंप राहणार. पाहुण्यांना त्यातून टॉवेल देणार म्हणे. देऊ देत. त्या पिंपाने काय काय फिरवलंय, टॉवेलही फिरवील. आतल्या बाजूला फर्निचरवाल्याने घातलेली विटांची आडभिंत आम्ही काल पाडली, आता तो बोळ मोकळा आहे. खुंटाला तेल दिलंय, एका हाताने फिरतं.

तुला घरी यायचं नाही, नको येऊस. बाबांचं तोंड बघायचं नाही, नको बघूस. मी जबरदस्ती करणार नाही, आणि त्यांचाही तेवढा हक्क राहिलेला नाही. ते स्वतःच काल म्हणाले, ‘तिने मला बघितलं नाही तरी चालेल. मला तिला ऐकवायचं आहे.’ पिंप असल्याच कामासाठी केलेलं आहे. बाहेर कोण, आत कोण, दिसत नाही, पण आवाज जातो. तू लहानपणी त्याच्याशी बोलायचीस, तुला माहीतच आहे.

रविवारी काम बंद असतं. सकाळपासून मी बाबांना घेऊन आतल्या बाजूला बसेन. आई बसायची त्याच बोळात, स्टुलावर. या रविवारी, पुढच्या रविवारी, काम संपेपर्यंत दर रविवारी. फाटकाची कडी काढून ठेवीन.

सगळ्यात वरचा, सगळ्यात मोठा स्वेटर मी पिंपात ठेवलाय. तो तुझा आहे, अकरा वर्षांच्या मुलीचा. तुझ्या अंगात आता एक बाहीही शिरणार नाही, पण तिने माप घेऊन केलेला आहे. पिंपाचं तोंड आमच्या बाजूला आहे. नियम तोच.

तू थाप मार. मी फिरवते.

तुझी,
तू भिंतीतून आणलेली चिमी